श्वासाचें रक्षण : मुखवटा निवडण्यापूर्वीं

नाकातोंडावर कांहीं तरी बांधलें कीं श्वासाचें रक्षण झालें, असा समज सर्वत्र रूढ आहे. रंगारी रुमाल बांधतो, पाथरवट फडकें गुंडाळतो आणि गटारांत उतरणाऱ्याच्या हातीं औषधाच्या दुकानांतला मुखवटा देऊन काम सांगणारा निर्धास्त होतो. या समजापायीं अनेकांचे जीव गेले आहेत. रोग ओळखल्यावांचून वैद्य औषध देत नाहीं. त्याचप्रमाणें हवेंतील दोष ओळखल्यावांचून मुखवटा निवडतां येत नाहीं. हे दोष मुख्यतः तीन : धूळ, विषारी वायु आणि प्राणवायूची उणीव.

दगडाच्या खाणींत किंवा कोल्हापुरासारख्या ठिकाणच्या ओतशाळांत सिलिकाची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारे जाड कण बहुधा नाकाघशांतच अडतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनहि बारीक कण. आणि ते दिसत नाहींत. त्यांच्यामुळें जडणारा सिलिकोसिस बरा होत नाहीं. रुमालाच्या विणींतून हे कण सहज पार होतात. येथें एन-९५ सारखा गाळणीचा मुखवटा हवा; चांचणींत तो सुमारें ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीं निदान ९५ टक्के अडवितो. मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असल्यास हवा कडेच्या फटींतून आंत शिरते आणि गाळणी व्यर्थ ठरते.

वायूपुढें हीच गाळणी निरुपयोगी होय. कारण वायूचे रेणु तिच्या तंतूंमधून निर्वेध जातात. रंगांतील द्रावकाची वाफ धरून ठेवण्यास कोळसा लागतो. जॉन स्टेनहाउस या रसायनज्ञानें १८५४ सालीं कोळशाचा मुखवटा दाखविला, तें तत्त्व आजहि चालू आहे. पण एकच डबी सर्व वायूंना पुरत नाहीं. अमोनियाकरितां निराळी प्रक्रिया केलेला कोळसा लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर साधा कोळसा धरीतच नाहीं. शिवाय डबीची शक्ति संपते. म्हणून तिच्यावरील वायूचें नांव आणि मुदत वाचूनच ती घ्यावी.

तिसरा दोष सर्वांत घातक. हवेंत प्राणवायु सुमारें २१ टक्के असतो; तो १९.५ टक्क्यांखालीं गेल्यास ती जागा धोक्याची मानतात. फारच उतरल्यास दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. गाळणी हवा शुद्ध करील, पण नसलेला प्राणवायु कोठून आणील? पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, हें जुनीं माणसें जाणत. कंदील सोडून पाहण्याची रीतहि होती. परंतु ज्योत विषाची वार्ता देत नाहीं, आणि गटारांत मिथेन असल्यास तीच स्फोट घडविते. तेथील हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा. पण प्रमाण वाढलें कीं घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असें मानून माणूस खालीं उतरतो. तो पडला कीं त्याला काढण्यास दुसरा उतरतो, आणि तोहि पडतो. अशा ठिकाणीं हवा यंत्रानें मोजलेली असावी, बाहेरची शुद्ध हवा नळीनें किंवा पाठीवरच्या नळकांड्यांतून मिळावी, कमरेला दोर असावा आणि वर जागता माणूस असावा.

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाहीं. इमारतीची सेप्टिक टाकी तुंबली म्हणजे माणूस बोलावतात तीं सुशिक्षित कुटुंबेंच. संरक्षक साधनांवांचून कोणासहि गटारांत वा अशा टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गटारांतील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईनें श्वास परत येत नाहीं. उपसण्याचें काम यंत्र करूं शकत असतां माणूस उतरवूं नये, हेंच पहिलें रक्षण. मुखवट्याचा विचार त्यानंतरचा.