साथीचे पहिले दिवस: डोंबिवलीने काय पाहिले, काय शिकावे

४ डिसेंबर २०२१. शनिवारची संध्याकाळ. राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडल्याची बातमी वाहिन्यांवर झळकली आणि काही मिनिटांत शहरातल्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन पोहोचली. देशातला हा चौथा रुग्ण होता. दोन दिवसांपूर्वी कर्नाटकात दोघे आढळले होते आणि ४ डिसेंबरलाच गुजरातेत जामनगरला एक.

त्या संध्याकाळी डोंबिवलीकरांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न आजही आठवतात. कोणत्या भागातला? कोणती सोसायटी? तो लोकलने फिरला का? पुन्हा लॉकडाउन लागणार का? दुसऱ्या लाटेत माणसे गमावलेल्या घरांमध्ये हे प्रश्न निव्वळ कुतूहलाचे नव्हते. ऑक्सिजनसाठी केलेल्या धावपळीला तेव्हा जेमतेम सात-आठ महिने झाले होते.

घटनाक्रम तसा साधा होता. दक्षिण आफ्रिकेतून दुबई, दिल्ली, मुंबई असा प्रवास करून हा डोंबिवलीकर २४ नोव्हेंबरला पोहोचला. दक्षिण आफ्रिकेने नव्या उत्परिवर्तित विषाणूची माहिती जगाला दिली ती त्याच दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ओमायक्रॉन हे नाव दिले २६ नोव्हेंबरला. म्हणजे तो निघाला तेव्हा या विषाणूला नावही नव्हते. त्याला सौम्य ताप होता. अहवाल बाधित आल्यावर महापालिकेने त्याला कल्याणच्या कोविड केंद्रात हलवले आणि त्याचा नमुना जनुकीय क्रमनिर्धारणासाठी पाठवला. त्याच्या संपर्कातल्या अतिजोखमीच्या १२ आणि कमी जोखमीच्या २३ जणांची तपासणी झाली. दिल्ली-मुंबई विमानातल्या २५ सहप्रवाशांचीही झाली. एकालाही लागण झालेली नव्हती. ८ डिसेंबरला तो बरा होऊन घरी गेला.

ही बातमी इथेच संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने आणखी एक आकडा जाहीर केला आणि मला तो पहिल्या रुग्णाच्या बातमीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. नुकत्याच परदेशांतून महापालिका क्षेत्रात परतलेल्या २९५ जणांपैकी १०९ जणांचा पत्ता लागत नव्हता. तत्कालीन आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांनी सांगितले, की काहींचे फोन बंद आहेत आणि दिलेल्या पत्त्यांवर अनेक घरांना कुलूप आहे. जोखमीच्या देशांतून आलेल्यांनी सात दिवस घरीच राहायचे आणि आठव्या दिवशी चाचणी करायची, असा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी सोसायट्यांवरही टाकण्यात आली.

त्या १०९ जणांत कोणी नुसतेच गावी गेलेले असतील, कोणाचा नंबर चुकीचा नोंदला गेला असेल. पण बंद फोन आणि कुलूपबंद दारे पाहून शहराने जो अर्थ लावला तो एकच होता: लोक लपत आहेत. शिकल्यासवरल्या शहरात, लस उपलब्ध असताना आणि साथीचा पावणेदोन वर्षांचा अनुभव गाठीशी असताना कोणाला लपावेसे का वाटावे? याचे उत्तर २०२०च्या मार्चमध्ये सापडते.

फडके रोड रिकामा राहिला तो पाडवा

देशातला पहिला कोरोनाबाधित ३० जानेवारी २०२०ला केरळमध्ये आढळला. तेव्हा डोंबिवलीत चीन ही फार दूरची गोष्ट होती. आपल्याकडे विषाणूच्या आधी आल्या त्या अफवा. कोंबडीतून कोरोना पसरतो असे संदेश फेब्रुवारीतच फिरू लागले. त्यांना कसलाही आधार नव्हता. तरीही चिकनची विक्री कोसळली आणि राज्यभरातल्या पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले. साथीने महाराष्ट्रात पहिला माणूस आजारी पडण्याआधी अफवेने हजारो शेतकऱ्यांचे नुकसान केले होते.

९ मार्चला पुण्यात, दुबईहून परतलेल्या दांपत्याला लागण झाल्याचे निष्पन्न झाले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला जागतिक महासाथ म्हटले. मार्चच्या मध्यावर कल्याणमध्ये रुग्ण आढळले आणि दूरची गोष्ट शेजारच्या शहरात येऊन ठेपली. मेडिकलच्या दुकानांतून मास्क आणि सॅनिटायझर गायब झाले. १३ मार्चला केंद्राने दोन्ही वस्तू अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत टाकल्या. पुढे तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमतही ठरवून दिली.

डोंबिवलीची खरी भीती मात्र लोकलची होती. या शहराचे पोट मुंबईत भरते. सकाळच्या गाडीत दाराशी लटकणाऱ्या माणसाला तीन फूट अंतर ठेवा असे सांगणे म्हणजे नोकरी सोड म्हणून सांगण्यासारखेच होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्री लोकल थांबली. युद्धात, दंगलीत, बॉम्बस्फोटांनंतरही पुन्हा धावणारी लोकल थांबू शकते, हे पाहिल्यावर साथ किती गंभीर आहे ते शहराला उमगले.

२५ मार्चला गुढीपाडवा होता. १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानाने डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. त्या यात्रेत खंड पडला आणि नऊवारी, ढोलताशे, चित्ररथांनी फुलणारा फडके रोड निर्मनुष्य राहिला. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता.

हातावरचा शिक्का आणि दारावरची नजर

त्या दिवसांत घरोघरी काय चालले होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली जाई. वर्तमानपत्र घ्यावे की नाही यावर घरात वाद होत आणि पार्सल एक दिवस दाराबाहेर पडून राही. वाफारे आणि काढे सकाळ-संध्याकाळ चालत. यातल्या बऱ्याच गोष्टींचा फारसा उपयोग झाला नाही, पण सहसा नुकसानही झाले नाही. अनिश्चिततेत माणसाला हाताला काहीतरी काम हवे असते.

नुकसान झाले ते दुसऱ्याच गोष्टींनी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य सरकारने परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का मारायला सुरुवात केली. घरी अलग राहणारा माणूस ओळखू यावा, इतकाच त्याचा हेतू. पण शिक्का असलेल्या माणसाकडे लोक आजारी म्हणून पाहत नव्हते, गुन्हेगार म्हणून पाहत होते. शिक्का असलेले प्रवासी गाडीतून उतरवले गेले. सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या मावशींना एका रात्रीत दार बंद केले आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न कित्येक घरांनी सोयीस्करपणे विसरून टाकला. रुग्ण सापडलेल्या इमारतीचे फोटो, घरातल्यांची नावे, कधीकधी फोन नंबरही व्हॉट्सअॅपवर फिरले.

सर्वांत वाईट वागणूक मिळाली ती साथीशी लढणाऱ्यांनाच. मुंबईच्या रुग्णालयांत, पोलीस ठाण्यांत, पालिकेत काम करणारे हजारो लोक डोंबिवली-कल्याणला राहतात. एप्रिल-मेमध्ये इथल्या रुग्णांत त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे प्रमाण मोठे होते. मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात महापालिकेने त्यांच्या मुंबईला रोज ये-जा करण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. त्यांची राहण्याची सोय मुंबईतच व्हावी, असा त्यामागचा विचार होता. विरोध झाल्यावर तो आदेश मागे घेण्यात आला. आदेशामागची काळजी समजण्यासारखी होती. पण बारा तास रुग्णांची सेवा करून आलेल्या परिचारिकेला आपले शहर आपल्याला परत घेते की नाही अशी शंका येणे, ही आपल्या सर्वांसाठी लाजेची गोष्ट होती. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले देशभर इतके वाढले, की २२ एप्रिलला केंद्राला साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून हल्लेखोरांना तीन महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद करावी लागली.

डिसेंबर २०२१मध्ये ज्यांनी फोन बंद केले असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळे होते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

ज्या कायद्याच्या आधारे राज्याने १३ मार्च २०२०ला निर्बंध लागू केले, तो साथरोग कायदा १८९७चा आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि फेब्रुवारी १८९७मध्ये हा कायदा आला. त्या वेळी मुंबईहून बाहेर जाणाऱ्या रेल्वे प्रवाशांची कल्याण स्थानकावर तपासणी होत असे. संशयितांना उतरवून घेतले जाई. साथ आणि रेल्वे यांचे नाते या परिसराने तेव्हाही अनुभवले होते.

लोकांची प्रतिक्रियाही ओळखीची वाटावी अशीच आहे. रुग्णालयात नेलेल्यांना मारून त्यांच्या शरीरातून औषधी अर्क काढतात, अशी अफवा मुंबईत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजारभर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२०मध्ये मुंबई परिसरातले संशयित रुग्ण आणि नमुने याच रुग्णालयात जात होते. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या पथकांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या. लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, कोठारात लपवली आणि मृत्यूही लपवले. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः उचलून आणत. १० मार्च १८९७ला प्लेगनेच त्यांचे निधन झाले. दवाखाना सरकारचाही होता, सावित्रीबाईंचाही होता. फरक वागणुकीत होता.

माहिती कधी धीर देते

नव्या विषाणूच्या पहिल्या आठवड्यांत तज्ज्ञांनाही सगळे ठाऊक नसते. २०२०च्या सुरुवातीला निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे सांगितले गेले. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. आधी भर पृष्ठभागांवर होता, पुढे हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व कळले. विज्ञान असेच पुढे जाते. सल्ला का बदलला हे सांगितले तर लोक समजून घेतात. न सांगता बदलला तर ती जागा अफवा घेते. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे रोज रुग्णसंख्या आणि निर्णय साध्या मराठीत सांगत, त्याचा राज्याला आधार वाटला तो याच कारणाने.

ओमायक्रॉनच्या वेळी विज्ञान बरेच सज्ज होते. विषाणूच्या तीन जनुकांचा शोध घेणाऱ्या काही आरटी-पीसीआर संचांत ‘एस’ जनुक सापडत नसे आणि बाकीची सापडत. एवढ्यावरून प्रयोगशाळेला संशय येई आणि मग जनुकीय क्रमनिर्धारणाने खात्री केली जाई. डोंबिवलीतल्या रुग्णाची खात्रीही जनुकीय क्रमनिर्धारणानेच झाली. पुढे लाट आलीच. ७ जानेवारी २०२२ला एकट्या मुंबईत २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. पण लसीकरणामुळे आणि विषाणूच्या तुलनेने सौम्य परिणामामुळे बहुतेक जण घरीच बरे झाले. ४ डिसेंबरच्या रात्री अनेकांची झोप उडवणारे चित्र प्रत्यक्षात उतरले नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या खात्यावर चांगलेही पुष्कळ जमा आहे. सुरुवातीला अनेक खासगी दवाखाने बंद होते. महापालिकेने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या डॉक्टरांना सोबत घेऊन ‘डॉक्टर आर्मी’ उभी केली, तापाचे दवाखाने सुरू केले. शास्त्रीनगर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले, सावळाराम महाराज क्रीडा संकुलात कोविड रुग्णालय उभारले. या कामाची दखल घेऊन स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविड नवोपक्रमाचा २०२०चा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना विभागून मिळाला. ओळखीचा फॅमिली डॉक्टर समोर दिसला, की तापाचा रुग्ण लपत नाही. या यंत्रणेचे बळ त्या ओळखीत होते.

पुढच्या वेळी

नवा विषाणू पुन्हा येईल. जगभरची विमाने आणि आपली लोकल यांच्यामुळे तो डोंबिवलीत पोहोचायला फार वेळ लागणार नाही. तेव्हा काय करायचे हे आजच ठरवता येईल.

सोसायटीच्या ग्रुपवर रुग्णाचे नाव, फोटो, नंबर टाकायचा नाही, असा ठराव वार्षिक सभेत आत्ताच करून ठेवावा. अलगीकरणात असलेल्या घराला दूध, भाजी, औषधे कोण पोहोचवणार त्यांची यादी तयार असावी. मावशी, वॉचमन, सफाई कामगार यांना सुट्टी द्यावी लागली तरी पगार चालू राहील, हे त्यांना आधीच सांगावे. फॉरवर्ड होऊन आलेला संदेश महापालिकेच्या किंवा आरोग्य विभागाच्या माहितीशी ताडून पाहिल्याशिवाय पाठवू नये. महापालिकेने रोज एका ठरलेल्या वेळी, काय कळले आहे आणि काय कळायचे आहे ते दोन्ही सांगावे. आणि परदेशातून येणाऱ्याने स्वतःहून फोन करावा, चाचणी करून घ्यावी.

साथीच्या पहिल्या दिवसांत लस नसते, खात्रीचे औषध नसते. तेव्हा शहराजवळ एकच साधन असते: आजारी पडलेल्या माणसाला ते सांगण्याची भीती वाटू नये, असे वातावरण. ते ना कायद्याने तयार होते, ना शिक्क्याने. ते शेजाऱ्यांनी तयार करायचे असते. डोंबिवलीकरांनो, दिवाळीत फराळाचे ताट घेऊन शेजारी जाल तेव्हा एवढे सांगून या: ताप आला तर लपवू नका, आम्ही आहोत.