वेबसाइट आपल्याला लक्षात कशी ठेवते?



ऑनलाइन माहिती भरताना तुमच्याही बाबतीत असं झालं असेल बघा. अर्धा फॉर्म भरला, मध्येच वर्गावर जाऊन आलो, 'सबमिट' दाबलं आणि पडद्यावर आलं 'सेशन एक्स्पायर्ड'! सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे सेशन म्हणजे नेमकं काय, ते आज समजून घेऊ.

वेबसाइटची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते, त्यांना एचटीटीपी म्हणतात. या नियमांत मागचं लक्षात ठेवण्याची सोय नाही. आपण पान मागितलं, सर्व्हरने दिलं, व्यवहार संपला. पुढचं पान मागताना आपण त्याला पुन्हा अनोळखीच. मग लॉगिननंतर प्रत्येक पानावर पासवर्ड का विचारत नाहीत?

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तिथला माणूस शेकडो चेहरे लक्षात ठेवत नाही. तो चपला कप्प्यात ठेवतो आणि आपल्याला नंबरचा बिल्ला देतो.

सर्व्हरही तेच करतो. लॉगिन झालं की आपली माहिती तो स्वतःकडच्या कप्प्यात ठेवतो. हे झालं सेशन. ब्राउझरला तो फक्त एक लांबलचक क्रमांक देतो, तो सेशन आयडी. ब्राउझर हा बिल्ला 'कुकी'मध्ये जपतो आणि प्रत्येक मागणीसोबत आपोआप दाखवतो. कुकीची ही युक्ती १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी काढली.

पण कप्पा कायम राखून ठेवत नाहीत. पीएचपी या भाषेत मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. साध्या फॉर्ममध्ये आपण नुसतं टाइप करत असतो, तेव्हा सर्व्हरला काहीच कळत नाही. म्हणून मोठा फॉर्म भरताना मध्ये मध्ये 'सेव्ह' करत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या! शाळेच्या संगणकावर काम झाल्यावर आपण नुसती खिडकी बंद करून उठतो. पण बिल्ला ब्राउझरमध्येच राहू शकतो. पुढे बसणाऱ्याला पासवर्ड न टाकताही मुलांचे गुण, पालकांचे फोन नंबर दिसू शकतात, बदलताही येऊ शकतात. 'लॉगआउट' केलं की सर्व्हर तो बिल्ला रद्द करतो.

तेव्हा आजपासून आपणही सवय लावू आणि मुलांनाही लावू: काम झालं, लॉगआउट केलं, मगच उठायचं.