पिन गेली तेव्हापासून

२०१५ साली लेनोवोचा ए७००० हा फोन नऊ हजारांच्या आत मिळू लागला आणि डॉल्बी ॲटमॉस हे, चहूबाजूंनी आवाज ऐकवणाऱ्या तंत्राचं, नाव पहिल्यांदाच खिशात आलं. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ चित्रपटाबरोबर हे तंत्र थिएटरांत उतरलं होतं. त्या स्वस्त फोनचं मला आजही कौतुक वाटतं. आवाज डोक्याभोवती फिरवण्याचं सगळं गणित फोन स्वतः करायचा, आणि वायरीतून कानापर्यंत यायचे ते डावा आणि उजवा असे साधे दोन आवाज. त्यामुळे इअरफोन कुठलाही चालायचा. पेणच्या बाजारात टांगलेला शंभर-दीडशे रुपयांचाही. साडेतीन मिलिमीटरची पिन ट्रान्झिस्टरला बसायची, वॉकमनला बसायची, कॉम्प्युटरला बसायची आणि फोनलाही. ‘माझ्या मोबाइलला चालेल का?’ असं दुकानदाराला विचारायची वेळच येत नसे.

गेल्या दहा वर्षांत इअरफोनच्या बाबतीत हा प्रश्न कसा जन्मला, तेच इथे पाहायचं आहे. पेण-रोह्याकडून पाहायचं कारण असं की दिवा-रोहा गाडीत बसलेल्या जवळपास प्रत्येक तरुणाच्या कानात आज बड्स आहेत आणि त्यांच्या डब्यांवर ‘थ्रीडी’, ‘स्पेशियल ऑडिओ’, ‘सराउंड’ असं काही ना काही छापलेलं असतं. त्यातलं ऐकायला किती मिळतं, ही माझी खरी तळमळ आहे.

कान दोनच, तरी मागून आलेली हाक मागूनच आली हे आपल्याला कळतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश. शिवाय मध्ये डोकं आड येत असल्यामुळे तो थोडा मंदही होतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे मांडलं. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात, कारण दिशेप्रमाणे त्या आवाजाचा पोत बदलतात. हे सगळे बदल हिशेबाने आवाजात मिसळले की दोन बड्सही माणसाला सभागृहाच्या मधोमध बसवू शकतात. तेव्हा सराउंड आवाज बड्सच्या प्लास्टिकमध्ये नसतो. तो त्या हिशेबात असतो, आणि हिशेब कोण करणार यावरच पुढचं सगळं भांडण उभं राहिलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ॲपलने आयफोन ७ मधून पिनेचं भोक काढून टाकलं, आणि भारतात जिओ सुरू झालं. पहिलीचा आपल्याशी संबंध नाही असं तेव्हा वाटलं होतं. दुसरीने मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं हळूहळू बंद पाडली. मग बाकीच्या कंपन्यांनीही भोक बुजवलं, आधी नेकबँड आले, त्यामागून बिनवायरीचे बड्स आले आणि कोळीगीतांपासून क्रिकेटच्या कॉमेंटरीपर्यंत सगळं ब्लूटूथवरून ऐकलं जाऊ लागलं. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणी दोनच वाहिन्यांत येतात, तीही दाबून. दाबायच्या पद्धतीही अनेक: एसबीसी सगळ्यांना येते, एएसी, एपीटीएक्स, एलडॅक यांच्यासाठी मात्र फोन आणि बड्स दोघांनाही ती ‘भाषा’ यावी लागते.

कुंपणं खरी उभी राहिली ती २०२० पासून. त्या वर्षी ॲपलने एअरपॉड्स प्रोला स्पेशियल ऑडिओ दिला. बड्समधले सेन्सर डोक्याची हालचाल टिपतात आणि मान वळवली तरी पडद्यावरच्या माणसाचा आवाज पडद्यावरच राहतो. यात एक बारकावा मला फार आवडतो: बड्सची हालचाल फोनच्या हालचालीशी ताडून पाहिली जाते. म्हणून नागोठण्याच्या पुढे गाडी वळणावर झुकली आणि फोन व डोकं दोन्ही एकत्र वळले, तरी आवाज जागचा हलत नाही. ज्या बड्समध्ये ही ताडणी नसते त्यांत एसटी वडखळच्या नाक्यावर वळली की गायिका खिडकीबाहेर जाते. पण हेच एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला जोडले की ही करामत जाते आणि साधे स्टिरिओ बड्स उरतात. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी बड्स प्रो आणले, ३६० ऑडिओसह, आणि तो चालण्यासाठी फोनही गॅलॅक्सीच लागला. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये पिक्सेल बड्स प्रोला तेच दिलं, पिक्सेल फोन असेल तर. घरात भावाचा फोन एका कंपनीचा, बहिणीचा दुसऱ्या, आणि बड्स दोघांत मिळून एक, ही आपल्याकडची साधी वस्तुस्थिती यांपैकी कोणीच जमेस धरली नाही. एकाच बड्सची किंमत फोनप्रमाणे कमी-जास्त ठरते, आणि दुकानात हे सांगायला बहुतेक वेळा कोणी नसतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

उलटा प्रवाहही होता. अँड्रॉइड १३ मध्ये, २०२२ साली, सराउंडची सोय फोनच्या मूळ प्रणालीतच आली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सेनहायझरच्या आम्बिओ पद्धतीने हिशेब आधीच करून तो स्टिरिओत बसवायला सुरुवात केली, त्यामुळे ऐकणाऱ्याकडे खास काही असण्याची गरज उरली नाही. २०२३ मध्ये बोसने हिशेब बड्समध्येच घातला. फोन कुठलाही चालतो, फक्त ते बड्स महाग आहेत.

पण ऐकायचं काय? पेण-अलिबागकडची आगरी गाणी यूट्यूबवर खंडीभर आहेत, सगळी स्टिरिओत. सराउंडचं बटण दाबलं की फोन त्या दोन वाहिन्या ताणून भोवती पसरवतो. ढोलकी जरा लांब जाते, गळा पोकळ वाटतो. मूळ ध्वनिमुद्रणात जागा नसेल तर ती नंतर आणता येत नाही. तेव्हा आपल्या गाण्यांसाठी ते बटण बंद ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इथेच सगळ्यात जुना उपाय कामाला येतो. १८८१ साली पॅरिसमध्ये क्लेमाँ आदेरने ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन मांडून टेलिफोनच्या दोन रिसीव्हरांतून गाणं ऐकवलं आणि लोकांना गायक चालताना ऐकू आले. १९७३ मध्ये नॉयमनने माणसाच्या डोक्याचा पुतळा करून त्याच्या कानांत मायक्रोफोन बसवले. अशा मुद्रणात दिशांचा हिशेब खऱ्या डोक्याने किंवा पुतळ्याने आधीच केलेला असतो. बाहेर पडते ती साधी स्टिरिओ फाइल, आणि तिला कुठल्याच कंपनीचं कुंपण अडवत नाही.

रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र सलामी होते, पालखी गल्लीगल्लीतून फिरते. पेणच्या आगरी वाड्यांत लग्नात धवलारिणी धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणतात, मांडवात बायका भोवती बसलेल्या असतात. या दोन्ही मुळातच चहूबाजूंनी ऐकायच्या गोष्टी आहेत. कानात घालायचे दोन छोटे मायक्रोफोन आणि एक रेकॉर्डर असलेलं कोणीही, धवलारिणींची परवानगी घेऊन, त्यांच्यात बसून हे टिपू शकतं. मुद्रण चालू असताना मान शक्यतो स्थिर ठेवावी. ऐकताना डावा बड डाव्याच कानात हवा, दोन्ही हवेत, फोनमधलं मोनो आणि सराउंड दोन्ही बंद हवं. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली की आवाज दाबला जातो.