मोबाईलच्या टॉर्चवर रात्र काढू नका. खिशातली बॅटरी घेताना हे बघा

रात्री लाईट गेली की हात आधी मोबाईलकडे जातो. दोन-चार मिनिटांपुरतं ते ठीक आहे. पण अडचणीच्या रात्री मोबाईलचं खरं काम वेगळं असतं. १०८ ला फोन लावायचा असतो, नातेवाइकांना कळवायचं असतं, लोकेशन पाठवायचं असतं. उजेडापायी चार्जिंग संपलं तर दोन्ही गेलं. शिवाय पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि मोबाईलचा उजेड पसरट असल्यामुळे चार-पाच पावलांपलीकडचं नीट दिसत नाही.

मोठी संकटं वेळ बघून येत नाहीत. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. एवढं मोठं काही घडायला हवं असंही नाही. रात्रीची लाईट आली म्हणून दारं धरायला निघालेल्या शेतकऱ्याला रोजच धोका असतो. मण्यार आणि घोणस हे दोन्ही विषारी साप रात्रीच जास्त फिरतात, आणि मण्यारीचा दंश तर कित्येकदा जाणवतही नाही. उजेड लांबच्या झाडावर नको, पुढच्या दोन पावलांवर हवा. ज्यांना हातात खोरं धरायचं असतं त्यांच्यासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च जास्त सोयीचा.

डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका

गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. हा शब्द योग्यच आहे, कारण टॉर्चचा सगळा भरवसा आतल्या सेलवर असतो. एलईडी सहसा खराब होत नाही. दगा देतो तो सेल, नाहीतर बटण.

बाजारात '१०,००० लुमेन' छापलेले दोन-तीनशे रुपयांचे टॉर्च मिळतात. लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. घरात वावरायला २०-३० लुमेन पुरतात, शेतात किंवा रस्त्यावर १०० ते ३०० भरपूर झाले. अंतराच्या आकड्याचंही तसंच. ज्या मानकाने कंपन्या हे मोजतात, त्यात '२०० मीटर' म्हणजे तिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोहोचतो, एवढंच. कामाचं अंतर साधारण निम्मं धरा. 'इतके तास चालतो' हा आकडाही त्याच मानकात उजेड एक दशांशावर येईपर्यंतचा असतो.

चार्जिंगच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल असतो, बहुतेक वेळा १८६५० नावाचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. त्यावर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे असं खुशाल समजा. फुगलेला सेल वापरू नका, उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका.

मागची पिन काढून थेट बोर्डात लावायचे स्वस्त टॉर्च असतात, त्यांत बरेचदा छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली की मरते. दिवाळीला घेतलेला टॉर्च पावसाळ्यात लागत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच. असा टॉर्च घरात असेल तर दर महिन्याला चार्ज करा.

मग संकटासाठी कोणता? रोजच्या वापराला चार्जिंगचा चालेल, पण घरात एक तरी पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च हवाच. तीन दिवस लाईट नसली की चार्जर निरुपयोगी होतो, सेल मात्र किराणा दुकानात मिळतो. भिंतीवरच्या घड्याळातही बहुधा तोच सेल असतो, अगदीच अडलं तर काढून घालता येतो. अल्कलाइन सेल थोडा महाग असतो, पण बराच जास्त टिकतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. आणि टॉर्च नुसता ठेवून द्यायचा असेल तर सेल बाहेर काढून त्यालाच चिकटपट्टीने बांधा. आत राहिलेला सेल पाझरला की स्प्रिंगला गंज चढतो, आणि हे कळतं ते नेमकं गरजेच्या रात्री.

दुकानातच तपासा

टॉर्च लावून जोरात हलवा. उजेड लुकलुकला तर परत ठेवा. बटण दहा-वीस वेळा दाबून बघा. झाकणाच्या आट्यांजवळ रबरी रिंग आहे का तेही बघा, पाणी तिथूनच शिरतं. आयपीएक्स-४ लिहिलं असेल तर शिंतोडे चालतात. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. एका दाबात लागणारा आणि मंद उजेडाची सोय असलेला टॉर्च निवडा. घाबरलेल्या माणसाला पाच वेळा बटण दाबून लुकलुक थांबवायला लावणारा टॉर्च काही कामाचा नाही.

पुरात छतावर किंवा डोंगरात अडकलात तर उजेड सारखा गरागरा फिरवू नका. एका मिनिटात सहा वेळा चमकवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. डोंगरातल्या बचावकार्यात ही खूण जगभर ओळखली जाते. घरात गॅसचा वास येत असेल तर मात्र टॉर्चचंही बटण आत दाबू नका. बाहेर येऊन लावा.

नवा टॉर्च आणला की एकदा नवे सेल घालून संध्याकाळी सातला लावून ठेवा आणि पेपर वाचता येईनासा उजेड किती वाजता होतो ते बघा. तेवढे तास कागदाच्या पट्टीवर लिहून टॉर्चलाच चिकटवा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. टॉर्चची जागाही ठरवून टाका, उशाशी किंवा दाराजवळच्या खिळ्याला, म्हणजे अंधारात घरातल्या लहान पोरालाही तो सापडेल.