अर्धशिशी, वारसा आणि मंदावणारे विचार

अर्धशिशीने त्रस्त असलेल्या बहुतेकांच्या बुद्धीला त्यापासून धोका नसतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु काही मोजक्या कुटुंबांत ही डोकेदुखी एका आनुवंशिक विकाराची पहिली खूण असते. त्या विकाराचे नाव कॅडासिल.

एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'नॉच-३' या जनुकातील दोषामुळे मेंदूतील सूक्ष्म धमन्यांच्या भिंती बिघडतात आणि खोलवरच्या भागांचा रक्तपुरवठा घटतो. हे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

अनेक रुग्णांना तिशीच्या सुमारास डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. पुढे, बहुधा चाळिशी-पन्नाशीत, पक्षाघाताचे लहान झटके येतात. बुद्धीतील बदल मात्र त्याआधीही सुरू होऊ शकतो. माणसे ओळखता येतात, जुन्या आठवणीही बराच काळ शाबूत असतात. पण विचारांची गती मंदावते. नेहमीचा हिशेब जुळेनासा होतो, एका वेळी दोन कामे सांभाळता येत नाहीत, कशातच उत्साह वाटत नाही. घरातील मंडळी याला आळस किंवा बेफिकिरी समजतात आणि रुग्ण बोलणी खात राहतो. वास्तविक तो आजाराचाच भाग असतो.

म्हणून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: कोणाला अशी डोकेदुखी होती? कोणाला ऐन उमेदीत पक्षाघात झाला? कोणाची बुद्धी अकाली मंदावली? एकाहून अधिक पिढ्यांत असे आढळल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. एमआरआय आणि जनुकीय तपासणीने निदान होते. निरोगी लहान मुलांची तपासणी मात्र करू नये. सज्ञान झाल्यावर, समुपदेशनानंतर तो निर्णय त्यांनीच घ्यावा.

विकार समूळ बरा करणारे औषध आज नाही. तरीही धूम्रपान पूर्णपणे सोडणे आणि रक्तदाब काबूत ठेवणे आपल्या हाती आहे. निदान झालेल्यांनी अर्धशिशीवरील ट्रिप्टान गटातील गोळ्या परस्पर घेऊ नयेत. अचानक तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले वा बोलणे अडखळले, तर 'नेहमीचीच अर्धशिशी' म्हणून न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि घरातील कोणी हळूहळू मंदावत असेल, तर त्याला दोष देण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.