शोपँचा पियानो, पण कोणता?

११ ऑगस्ट १८२९. व्हिएन्नातले कैर्न्टनरटोर नाट्यगृह. मोत्झार्टच्या 'डॉन जिओवानी'तल्या एका युगुलगीतावर बेतलेली आपली रचना घेऊन एकोणीस वर्षांचा शोपँ ग्राफ या कारागिराच्या पियानोपुढे बसला. वाहवा झाली, पण तक्रारही आली: पोरगा फार हळू आवाजात वाजवतो. घरी पाठवलेल्या पत्रात त्याने ती कळवली आणि खापर मात्र व्हिएन्नातल्या वादकांवर फोडले. पियानो बडवलेला ऐकण्याची सवय त्यांनीच श्रोत्यांना लावली होती, असे त्याचे म्हणणे.

शोपँ आणि प्लेयेलचा पियानो ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की एक साधी गोष्ट निसटते. प्लेयेलशी त्याची गाठ पडली ती पॅरिसला गेल्यावर, आणि पॅरिसला तो पोचला १८३१ च्या शरदात. तोवर त्याचे दोन्ही पियानो कन्चेर्तो लिहून झाले होते, वॉर्सात वाजवूनही झाले होते. ऑर्केस्ट्रासाठी त्याने जे काही लिहिले ते जवळजवळ सगळे याआधीचे. घरी त्याच्या बोटांखाली होता तो वॉर्साचा कारागीर बुखोल्ट्झ याने व्हिएन्नाच्या धाटणीवर घडवलेला पियानो.

या धाटणीत हातोडी पट्टीवरच बसवलेली असते. ती लहान, वरून चामडे मढवलेली. सांगाडा लाकडी, तारा सरळ समांतर ताणलेल्या. पट्टी जेमतेम दाबली की सूर उमटतो, बोट उचलले की चटकन थांबतो. आजच्या मोठ्या पियानोत तारांचा वीसेक टन ताण पेलायला ओतीव लोखंडाची चौकट लागते, तारा एकमेकींवरून तिरप्या जातात आणि सूर लांबवर रेंगाळतो. त्यामुळे मोत्झार्टवरच्या त्या रचनेतल्या भरधाव ताना वाजवताना आजच्या वादकाची निम्मी शक्ती आवाज आवरण्यात जाते. जुन्या पियानोवर त्याच ताना दाणेदार येतात. डाव्या हाताचे खालच्या पट्टीतले सूर गढूळ होत नाहीत, कारण तिथे मंद्र, मध्य आणि तार या तिन्हींचा रंगच वेगळा असतो.

ई मायनर कन्चेर्तोच्या मधल्या संथ भागात शोपँने व्हायोलिनांचा आवाज मुद्दाम दबका ठेवायला सांगितला आहे. त्याला ऑर्केस्ट्रा हाताळता येत नसे, हा आक्षेप जुनाच. माझ्या मते तो निम्म्याने तरी गळून पडतो, जेव्हा समोरचा पियानोही तितक्याच हलक्या आवाजात बोलतो.

खुद्द शोपँच्या घरचा बुखोल्ट्झ आज नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये वॉर्सातल्या झामोयस्की वाड्यातून रशियन गव्हर्नर बेर्ग याच्यावर बॉम्ब टाकले गेले. सूड म्हणून सैनिकांनी वाडा लुटला आणि तिथे राहणाऱ्या शोपँच्या बहिणीकडे असलेला तो पियानो खिडकीतून खाली फेकला. पुढे वॉर्साच्या शोपँ संस्थेने युक्रेनमधल्या क्रेमेनेत्सच्या संग्रहालयातला बुखोल्ट्झ नमुना धरून पॉल मॅकनल्टी या कारागिराकडून त्याची प्रतिकृती करवून घेतली. २०१८ च्या जुन्या पियानोंवरच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय शोपँ स्पर्धेत स्पर्धकांपुढे ती होती. स्पर्धा जिंकली पोलंडच्या तोमाश रिटरने.

इथे एक कुरबूर नोंदवतोच. याच संस्थेच्या ध्वनिमुद्रण मालिकेत पियानोवादक दांग थाय सॉन यांनी हे दोन्ही कन्चेर्तो वाजवले, तेही अठराव्या शतकाच्या धाटणीच्या ऑर्केस्ट्राबरोबर. वादन सुरेख आहे. पियानो मात्र १८४९ चा एरार, म्हणजे शोपँच्या मृत्यूच्या वर्षीचा! वीस वर्षांत पियानो कुठच्या कुठे गेला होता. नुसता 'जुना पियानो' म्हणून भागत नाही, साल बघावे लागते.

प्रतिकृती म्हणजे मूळ वाद्य नव्हे, हे खरे. दीड-दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारही नाही, आणि स्टाइनवेवर शोपँ वाजवणारे काही गुन्हा करत नाहीत. पण पुढच्या वेळी त्याची सुरुवातीची रचना ऐकाल तेव्हा वादकाच्या नावाखाली पियानोचे नाव आणि साल छापले आहे का, तेवढे जरूर पाहा.