धंद्याला हिंमत लागते, आणि सातबाराही

(ऑडिओ भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी नीट केलीत, बाकी बोललो तसंच.)



आजचा प्रश्न सरळ आहे. धंदा कोण करतं आणि कोण करू शकत नाही, हे नेमकं कशावर ठरतं? रील्सवाले सांगतात, माइंडसेट. पहाटे पाचला उठा, रिस्क घ्या. ऐकायला भारी वाटतं. पण मला हे उत्तर अर्धंच वाटतं. हिंमत लागतेच. पण हिंमत असलेल्या दहा जणांपैकी दोघांचंच दुकान उभं राहतं, तेव्हा उरलेल्या आठ जणांना काय मिळालं नाही, हे बघायला हवं.

किर्लोस्करांना जागा कोणी दिली?

मराठी उद्योजक म्हटलं की पहिलं नाव येतं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, पुढे लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली ती औंध संस्थानच्या राजांनी. म्हणजे एका माणसाच्या जिद्दीला एका राज्यव्यवस्थेने जमीन दिली, तेव्हा नांगर तयार झाला.

यात लक्ष्मणरावांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. फक्त ‘स्वतःच्या जोरावर’ हा शब्द आपण जरा जपून वापरायला हवा, एवढंच.

आकडे काय सांगतात

सहावी आर्थिक गणना 2013-14 ची. त्यात देशात साधारण 5 कोटी 85 लाख आस्थापना मोजल्या गेल्या. आस्थापना म्हणजे दुकान, कारखाना, पिठाची गिरणी, घरगुती शिलाईकाम, सगळं आलं. त्यातल्या बायकांच्या मालकीच्या किती? सुमारे 80 लाख. शेकडा 14 सुद्धा नाहीत.

आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. बायकांच्या या धंद्यांपैकी 83 टक्क्यांच्या आसपास धंद्यांत पगारी माणूस एकही नव्हता. मालकीणही तीच, कामगारही तीच. जवळपास 79 टक्के धंदे घरच्या पैशांवर उभे होते. धंदा सुरू होतो, पण तो वाढत नाही. का? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं: तारण

बँक कर्ज देताना विचारते, बुडालं तर वसूल कशातून करू? त्यालाच तारण म्हणतात. घर, जमीन, सोनं. आता तुमच्या गावातल्या सातबारा उताऱ्यांवरची नावं आठवा. आजोबा, वडील, काका, दादा. आईचं नाव कितींवर आहे?

कायदा आडवा येतो असंही नाही. महाराष्ट्रात 1994 लाच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या वगळल्या गेल्या. 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी दुरुस्ती केली, तेव्हा लग्नाची ती अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो. 2005 ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही.

मग गाडी अडते कुठे? हक्कसोड पत्रावर. बहिणीला तहसीलला किंवा रजिस्ट्रार ऑफिसला नेतात, ‘इथे सही कर’ म्हणतात. ती करते, कारण नाही केली तर माहेर तुटेल ही भीती. वर ‘तुझ्या लग्नात खर्च केलाच की’ हे वाक्य असतंच. कायद्याने हातात दिलेलं समाज एका सहीने काढून घेतो.

माझ्या घरातलंच सांगतो. माझी आत्या चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घेते. दिवाळीत दारात रांग लागते. तिला मोठी कढई, पीठ मळायचं मशीन आणि पाकीट सील करायचं मशीन घ्यायचं होतं. ती बँकेत गेली. कुठली बँक ते जाऊ द्या. तिथे तिला सांगितलं गेलं, ‘मिस्टरांना घेऊन या, आणि जमिनीचे कागद आणा.’ आत्याच्या नावावर जमीन नव्हती. तिने तिचा वाटा कधीच भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सोडून दिला होता. त्याच शेतावर आमच्या घरी ट्रॅक्टरचं कर्ज निघालं. त्या शेताच्या उत्पन्नातून माझी कॉलेजची फी भरली गेली. आत्याला मात्र शेवटी मंगळसूत्र गहाण ठेवावं लागलं. हिंमत दोन्ही घरांत सारखीच होती, कागद एकाच घरात होता.

आणि एक नियम लक्षात ठेवा, तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. 2015 पासून मुद्रा योजनाही आहे. तिच्यात 50 हजारांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’ म्हणतात, आणि आजवरची बहुतेक खाती शिशुचीच आहेत. 50 हजारांत शिलाई मशीन येतं. दोन माणसांना पगार देता येईल असा धंदा त्यात उभा राहणं अवघड.

दुसरं: वेळ

2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत एक आकडा आला. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात. जे पुरुष घरकाम करतात, ते 97 मिनिटं. म्हणजे ती रोज जवळपास पाच तास आधीच देऊन बसलेली असते. घाऊक बाजार पहाटे भरतो, आणि ती तेव्हा डबे भरत असते. मग माल जवळच्या किरकोळ दुकानातून, महाग घ्यावा लागतो. नफा तिथेच निम्मा होतो.

तिसरं: ओळख

व्यापारी घरातला मुलगा मामाच्या दुकानात बसून शिकतो. पहिला माल त्याला उधारीवर मिळतो, कारण समोरचा घराणं ओळखतो. पहिला धंदा बुडाला तर कोणीतरी सावरून घेतं. ज्याच्या घरात नोकरी किंवा मजुरीच चालत आली, त्याला ही उधारी मिळत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून रोख मोजावी लागते. बाईचं तर आणखी अवघड. व्यापाऱ्याशी चार वेळा फोनवर बोलली, तर गल्लीत चर्चा सुरू.

मग कुठे जमलं?

दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्याकडचीच.

एक, लिज्जत पापड. 15 मार्च 1959, गिरगाव. सात गुजराती बायका, 80 रुपये उसने, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. आज सुमारे 45 हजार बायका सभासद आहेत. यातली हुशारी बघा. पीठ केंद्रावर मळतात, बायका ते घरी नेऊन पापड लाटतात, सुकवून परत देतात. ने-आण करायला संस्थेची गाडी. प्रत्येक सभासद मालकीण. म्हणजे वेळेची अडचण, तारणाची अडचण, बाजाराची ओळख, तिन्ही गोष्टी संस्थेने स्वतःवर घेतल्या. बाईला ‘तू बदल’ म्हणण्याऐवजी कामाचीच रचना बदलली.

दोन, म्हसवड. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायम दुष्काळी. तिथे चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांनी कागदावर अंगठे उठवले होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या. पुन्हा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो. तुमच्या लोकांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडी बाजारात बसणारी भाजीवाली दुकान टाकून बँकेत येऊ शकत नाही, म्हणून बँकेची माणसं तिच्याकडे जायला लागली.

आता तुम्ही काय कराल?

तीन कामं सांगतो, तिन्ही मोबाइलवरून सुरू होतात.

एक, महाभूलेखवर घरचा सातबारा काढा आणि नावं वाचा. दोन, बहिणीला किंवा आत्याला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगत असतील, तर आधी वकिलाला दाखवा म्हणा. घाई कोणाला आहे, ते विचारा. तीन, घरात कोणी धंदा करत असेल तर ‘छान चाललंय’ म्हणून थांबू नका. तिचे रोजचे दोन तास मोकळे करा. भाजी तुम्ही चिरा.

आत्याचं म्हणाल, तर मागच्या महिन्यात मी वडिलांशी हा विषय काढला. ते गप्प बसले, मग म्हणाले, ‘बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, असंच समजतात. पण मी विषय सोडलेला नाही.

तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं निघाली, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात बचत गटांबद्दल बोलू. भेटूच!